गच्चीवरची टाकी आणि तळहाताएवढा संगणक

निवासी शाळेचा दिवस घंटेने सुरू होतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो पाण्याने सुरू होतो. पहाटे बोअरवेलची मोटर चालू करावी लागते, टाकी भरली की बंद करावी लागते, आणि ती भरली की नाही हे पाहण्यासाठी कोणाला तरी गच्चीवर जावे लागते. कोणी गेले नाही, तर टाकी वाहून जाते. मोटर लावायलाच विसरले, तर मुलांच्या आंघोळीच्या वेळी नळ कोरडा असतो. रामटेक परिसरात मे महिन्यात भूजल खाली गेलेले असताना वाहून गेलेली एक टाकी म्हणजे पंचवीस मुलांची आंघोळ आणि कपडे. हे काम आजवर माणसाच्या आठवणीवर चालत आले. ते एखाद्या लहान यंत्राकडे सोपवता येईल का, आणि सोपवले तर ते यंत्र कोणी बनवावे, या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

‘होम ऑटोमेशन’ हा शब्द ऐकला की शहरातील श्रीमंत घरे डोळ्यांसमोर येतात : टाळी वाजवली की दिवा लागतो, हुकूम दिला की पडदा सरकतो. असल्या चैनीशी आपल्याला कर्तव्य नाही. परंतु ज्या साधनांवर ही चैन उभी आहे ती साधने गेल्या दशकभरात इतकी स्वस्त आणि इतकी खुली झाली आहेत, की नववीतल्या मुलामुलींना ती हाताळता यावीत.

यांतील सर्वांत परिचित साधन म्हणजे ‘रास्पबेरी पाय’. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे एका लीप दिवशी, इंग्लंडमधील केंब्रिज येथून ते विक्रीस आले. त्यामागची हकिकत शाळेच्या स्मरणिकेत सांगण्याजोगी आहे. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि त्यांची पूर्वतयारी, दोन्ही घटत असल्याचे एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. १९८० च्या दशकात तेथील मुले ‘बीबीसी मायक्रो’सारख्या घरगुती संगणकावर स्वतः आज्ञावली लिहून शिकत. पुढे त्या यंत्रांची जागा खेळांच्या बंद खोक्यांनी आणि न उघडता येणाऱ्या संगणकांनी घेतली. मुले संगणक वापरू लागली, पण तो आतून कसा चालतो हे पाहण्याची सोय संपली. म्हणून या मंडळींनी एक धर्मादाय संस्था काढली आणि मोडला तरी फार हळहळ वाटणार नाही असा संगणक बनवण्याचे ठरवले. पहिल्या दोन नमुन्यांची किंमत २५ व ३५ डॉलर ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी ‘झिरो’ नावाचा ५ डॉलरचा संगणक काढला आणि आपल्या मासिकाच्या छापील अंकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून तो भेट दिला. संगणक मासिकाबरोबर फुकट मिळावा, ही गोष्ट त्यापूर्वी कोणी कल्पिलीही नसेल.

हे यंत्र म्हणजे सुमारे ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद, एटीएम कार्डाएवढी एक हिरवी पट्टी. प्रक्रियक, स्मृती, पडद्याची आणि कळफलकाची जोडणी, सारे त्या एकाच पट्टीवर. आत तबकडी नाही. मेमरी कार्डावरून ते चालते. २०१६ पासूनच्या मुख्य नमुन्यांत वाय-फायही आले. जुना टीव्ही पडदा म्हणून जोडावा, कळफलक लावावा, की घरच्या संगणकासारखे काम सुरू. मात्र पट्टीच्या एका कडेला ४० पिनांच्या दोन रांगा असतात, आणि नेहमीच्या संगणकापासून हे यंत्र वेगळे पडते ते त्यांच्यामुळे. यांतील बहुतेक पिना म्हणजे संगणकाची बोटे होत. त्यांच्याद्वारे तो बाहेरच्या जगातले तापमान वाचू शकतो, कळ दाबली गेली हे ओळखू शकतो आणि दिवा लावू शकतो.

त्याचे एक धाकटे भावंडही आहे. रास्पबेरी पायची मंडळी ‘पिको’ या नावाने २०२१ पासून ते ४ डॉलरला विकू लागली; एस्प्रेसिफ या चिनी कंपनीचे ‘ईएसपी-३२’ त्याच जातीचे. याला पडदा जोडण्याची अपेक्षा नसते. एकच छोटी आज्ञावली दिवसरात्र पुन्हा पुन्हा चालवणे एवढेच त्याचे काम. वीज जाऊन आली तरी ते क्षणात जागे होते. म्हणून चौकी सांभाळायला धाकटा आणि दफ्तर सांभाळायला थोरला, अशी वाटणी करावी. गच्चीवरच्या टाकीपाशी ईएसपी-३२ बसवावे. त्याने दर मिनिटाला पाण्याची पातळी वाय-फायवरून कार्यालयातील रास्पबेरी पायला कळवावी. पायने नोंद ठेवावी आणि आलेख काढावा. दोघांमधला निरोप ज्या पद्धतीने जातो तिला ‘एमक्यूटीटी’ म्हणतात. ही पद्धत १९९९ साली तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. वाळवंटातून उपग्रहामार्फत निरोप पाठवणे महाग पडे, म्हणून निरोप अगदी त्रोटक ठेवला गेला. हा त्रोटकपणा आज आपल्या दुबळ्या वाय-फायच्या उपयोगी पडतो.

आता पातळी कशी मोजायची ते पाहू. टाकीच्या झाकणाखाली एक ध्वनिसंवेदक बसवतात. वटवाघळाप्रमाणे तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, आणि किती वेळात आला यावरून अंतर कळते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्रतिध्वनी ५.८३ सहस्रांश सेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन दोन मीटर झाले. म्हणजे पाणी एक मीटर खाली आहे. पुस्तकातले उदाहरण येथे संपते. रामटेकची गच्ची मात्र पुस्तकात नाही. मे महिन्यात टाकीतली हवा ४५ अंशांवर असेल तर ध्वनीचा वेग सुमारे ३५९ मीटर होतो, आणि तेवढ्याच वेळाचा अर्थ एक मीटर नसून एक मीटर साडेचार सेंटिमीटर असा निघतो. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत या फरकाने चाळीसेक लिटरांचा हिशेब चुकतो. म्हणून तेथेच एक तापमानमापक बसवून आज्ञावलीत एक ओळ वाढवावी लागते. ‘तापमान वाढले की हवेतील ध्वनीचा वेग वाढतो’ हे वाक्य विद्यार्थी विज्ञानाच्या पुस्तकात वाचतात, गुण मिळवतात आणि विसरतात. त्या वाक्यामुळे दोन-तीन बादल्या पाणी कागदावरून नाहीसे होते, हे पाहिलेला विद्यार्थी ते विसरणार नाही.

अडचणी येथे संपत नाहीत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा, दोन डोळ्यांसारखा दिसणारा संवेदक टाकीतील वाफेने काही आठवड्यांत गंजतो; थोडा महाग असलेला, वाहनांच्या मागच्या बंपरमध्ये असतो तसा बंद संवेदक घ्यावा. तो वीसपंचवीस सेंटिमीटरांच्या आतले अंतर मोजत नाही, म्हणून भरलेल्या पाण्याहून तेवढा वर बसवावा. यांतील बरेच संवेदक ५ व्होल्टवर चालतात आणि ५ व्होल्टचाच निरोप देतात. पाय आणि ईएसपी-३२ यांच्या पिनांना मात्र ३.३ व्होल्टच सोसतात. मध्ये एक व दोन किलोओहमचे दोन रोध जोडले की ५ व्होल्टचे ३.३ होतात. दीड-दोन रुपयांचे हे रोध विसरले, तर सारी पट्टी निकामी होऊ शकते. शिवाय कोळी. संवेदकाच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले की यंत्र टाकी भरलेली दाखवू लागते. तेव्हा गच्चीवर जाणे पूर्णपणे चुकत नाही. रोजच्याऐवजी महिन्यातून एकदा जावे लागते.

पातळी मोजणे हे निरुपद्रवी काम आहे. मोटर चालू-बंद करणे तसे नाही. ‘रिले’ नावाचा निळा चौकोनी ठोकळा पन्नास-शंभर रुपयांत मिळतो, आणि त्यावर १० अँपिअर असे छापलेले असते. एक अश्वशक्तीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, तेव्हा हा पुरेल असे वाटते. परंतु सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या ठिणगीने रिलेचे आतले टोक चिकटून बसते, आणि मग संगणकाने कितीही ‘बंद’ म्हटले तरी मोटर थांबत नाही. योग्य रीत अशी की लहान रिलेने फक्त स्टार्टरमधील काँटॅक्टरच्या गुंडाळीला इशारा द्यावा आणि मोटरचा भार काँटॅक्टरने घ्यावा. २३० व्होल्टचे हे सर्व काम परवानाधारक वीजतंत्र्यानेच करावे, मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी, आणि हाताने बंद करण्याची कळ कायम चालू स्थितीत ठेवावी. विद्यार्थ्यांचे हात ५ व्होल्टच्या अलीकडेच राहावेत. या बाबतीत उत्साहाला मुळीच सवलत देऊ नये.

नागपूर जिल्ह्याला साजेसा दुसरा प्रयोग कूलरचा. वाळ्याच्या ताट्या किंवा वूडवूल लावलेला कूलर आपल्याकडे घरोघर असतो. तो का थंड करतो आणि कधी करत नाही, याचा विचार मात्र क्वचित होतो. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते, परंतु हवेत आधीच ओल असेल तर वाफ होणार कशी? मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात तिच्या चार-पाच अंश वर थांबते. जुलैमध्ये ३२ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तीच मर्यादा सुमारे ३० अंश आहे. म्हणजे पंप रात्रभर चालवून मिळणार जेमतेम दोन अंश, आणि वर दालनभर दमटपणा, ओलसर गाद्या व डास. तापमान व आर्द्रता मोजणारा एक संवेदक आणि आज्ञावलीच्या चार ओळी यांनी पंप केव्हा चालवावा व केव्हा नुसताच पंखा ठेवावा हे ठरवता येते. पाणी वाचते, मुलांच्या सर्दी-खोकल्यालाही थोडा उतार पडेल असे मानायला जागा आहे. ‘अमुक असेल तर तमुक होते, अमुक नसेल तर तमुक होत नाही’ ही या आज्ञावलीची भाषा. कार्यकारणाची ही मांडणी धम्माच्या अभ्यासकांना परकी वाटू नये.

आता माध्यमांकडे वळू. रास्पबेरी पायमधील मूळ चिप ब्रॉडकॉम कंपनीने चलच्चित्रे दाखवण्याच्या उपकरणांसाठी तयार केलेली होती, आणि त्यामुळेच इतक्या लहान यंत्राला पहिल्या दिवसापासून टीव्हीवर उत्तम चित्र दाखवता आले. ‘कोडी’ नावाची विनामूल्य आज्ञावली त्यावर बसवली की व्याख्याने, चित्रपट, छायाचित्रे आणि ध्वनिफिती यांचे भांडार कोणत्याही पडद्यावर उघडता येते. शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांच्या ध्वनिफिती व छायाचित्रे कपाटांत कुजत पडलेली असतात. त्यांचे अंकीकरण करून एका ठिकाणी लावणे हा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला शोभणारा प्रकल्प होईल.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते ग्रंथालय. इंटरनेट नसताना, किंवा असूनही मुलांच्या हाती मोकळे सोडायचे नसताना, ज्ञानाचा मोठा साठा त्याच तळहाताएवढ्या यंत्रात ठेवता येतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘किविक्स’ या प्रकल्पाने विकिपीडिया एका बंदिस्त धारिकेत साठवण्याची सोय केली. चित्रांसह संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया शंभर गिगाबाइटच्या आसपास होतो; मराठी विकिपीडिया त्याच्या तुलनेत अगदी लहान. ‘कोलिब्री’ ही शैक्षणिक आज्ञावलीही अशाच जोडणीविहीन शाळांसाठी आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतील मुक्त परवान्याच्या बालकथा आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. विद्यार्थ्यांनी आपल्या मोबाईलवरून किंवा संगणककक्षातून वाय-फायने या पेटीला जोडून घ्यायचे. बाहेरच्या इंटरनेटचा संबंध नाही आणि रिचार्जही नाही. एकाच वेळी चाळीस मुले वाचणार असतील तर पायच्या अंगच्या वाय-फायवर विसंबू नये. एक साधा राउटर जोडावा.

आपल्या शाळेच्या दृष्टीने या ग्रंथालयात दोन संग्रह अवश्य असावेत. एक, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणलेले छट्ठ संगायनाचे पाली तिपिटक. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या सहाव्या संगीतीतील हा पाठ देवनागरी लिपीत विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यात शब्दशोधही करता येतो. दुसरा, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड, ज्यांच्या संपादनात नागपूरचे वसंत मून यांनी आयुष्य वेचले. भारतीय कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो; बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवरील तो हक्क २०१६ च्या अखेरीस संपला. अनुवादांचे हक्क मात्र स्वतंत्र असतात, तेव्हा मराठी अनुवाद साठवण्यापूर्वी चौकशी करावी. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना विजेचे नियोजनही बाबासाहेबांच्याच अखत्यारीत होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वीज आणि तंत्रशिक्षण हे त्यांच्या चिंतनाचे विषय होते. विजेच्या तारा जोडणाऱ्या मुलीला ते खंड त्याच पेटीत सापडावेत, हे उचितच आहे.

या सगळ्यात एक धोका आहे आणि तो तांत्रिक नाही. बाजारात मिळणारी बरीचशी ‘स्मार्ट’ उपकरणे आपल्या घरातली माहिती दूरच्या कंपनीच्या संगणकावर पाठवतात आणि तिकडून हुकूम घेतात. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे तीनशे डॉलरचे एक नियंत्रक यंत्र अमेरिकेत विकले जात असे. नेस्ट कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. त्या दिवशी लोकांच्या घरातली चांगली चालती यंत्रे निर्जीव झाली. त्याच वर्षी ‘मिराय’ या घातक आज्ञावलीने कारखान्यात दिलेला परवलीचा शब्द न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला. तेव्हा पहिल्याच दिवशी परवलीचा शब्द बदलावा, आणि माहिती शाळेच्या आवारातच ठेवणारी व्यवस्था निवडावी. २०१३ मध्ये सुरू झालेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त आज्ञावली याच तत्त्वावर उभी आहे. ती थोरल्या पायवर उत्तम चालते.

यंत्र आवारातले आहे, म्हणून त्याने काहीही पाहावे असेही नाही. शयनगृहात कॅमेरा किंवा ध्वनिग्राहक बसवण्याची सूचना कोणीतरी सुरक्षिततेच्या नावाने करीलच. ती स्पष्टपणे नाकारावी. आई-वडिलांनी मुले विश्वासाने येथे ठेवली आहेत. त्यांना झोपेतसुद्धा कोणी पाहत आहे असे वाटू लागले, तर वसतिगृह हे घर राहत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीचे तत्त्व आहे. पाणी मोजावे, वीज मोजावी. मुले मोजू नयेत. याच न्यायाने, पहाटेची वंदना यंत्रावर लावण्याची सोय सहज होऊ शकते, पण ती करू नये असे माझे मत आहे. त्रिशरण-पंचशील मुलांनी स्वतःच्या आवाजात, प्रसंगी बेसूर, म्हणावे. घंटेबाबत मतभेद संभवतो. ज्याची पाळी असते त्या विद्यार्थ्याला ती वाजवण्याचा अभिमान असतो, एवढे लक्षात घ्यावे.

खर्चाविषयी थोडक्यात. थोरला पाय सरासरी ५ वॉट घेतो असे धरले तर वर्षभर अखंड चालून सुमारे ४४ युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट धरला तरी साडेचारशे रुपयांच्या आत. मात्र वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडण्याचा संभव असतो, म्हणून पेटी इन्व्हर्टरवर घ्यावी आणि संग्रहासाठी एसएसडी वापरावी. पायच्या किमती गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. आयातीमुळे आपल्याकडे त्या आणखी चढतात. ग्रंथालयाचे काम कोणाचा तरी जुना लॅपटॉपही तितकेच चांगले करील, हे पायचे भक्त सहसा सांगत नाहीत. पिना लागत असतील तेथेच पाय घ्यावा.

मग माजी विद्यार्थ्यांनी काय करावे? शाळेला देणगी द्यायची म्हटले की मोठा ‘स्मार्ट’ फलक देण्याकडे आपला कल असतो, कारण तो दिसतो आणि त्यावर नाव लिहिता येते. दोन वर्षांनी त्याचा परवाना संपतो किंवा सुटा भाग मिळत नाही, आणि त्यावर आच्छादन चढते. एका फलकाच्या पैशांत पंधरा-वीस ईएसपी-३२, दोन-तीन पाय, संवेदक आणि सोल्डरिंगची साधने सहज येतील. सुटे भाग नागपूरला सीताबर्डीच्या दुकानांत मिळतात. पण भागांपेक्षा माणसाची गरज अधिक आहे : महिन्यातून दोन रविवार येऊन मुलांबरोबर बसेल आणि पट्टी जळाली तर रागावणार नाही असा माणूस. रामटेकमध्ये १९८५ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना विचारता येईल. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब ही योजना सहावी ते बारावीच्या शाळांसाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याने सुरू झाली. तिचे सध्याचे नियम पाहून अर्ज करण्याचा विचार संस्थेने अवश्य करावा.

सुरुवात टाकीपासूनच व्हावी, आणि दिवाळीनंतर लगेच. आधी फक्त पातळी मोजावी. मोटरला हात लावू नये. तीन महिने यंत्राच्या आकड्यांशेजारी मुलांनी काठीने मोजलेली पातळी वहीत लिहावी आणि दोन्ही जुळतात की नाही ते पाहावे. जुळले, तर मार्चमध्ये वीजतंत्र्याला बोलवावे. आणि ज्यांना जुने लॅपटॉप द्यावयाचे असतील त्यांनी ते चार्जरसह द्यावेत, आतली आपली खासगी माहिती पुसून द्यावेत, आणि परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून सोबत चिकटवावा.